शेवटचा डबा

सव्वादहा झाले तरी सोळंके सर जिना चढून वर आले नाहीत, तेव्हा गुरुपाद आप्पांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं.

"सर आन् उशीर?" ते म्हणाले. "एखाद्या दिशी गाडी लेट व्हईल, सर व्हणार न्हाईत."

गंगाखेडच्या बसस्टँडमागं पंकज डहाळेचा फोटो स्टुडिओ आहे. त्याच्या वरच्या खोलीत दर रविवारी दहाला चार माणसं जमायची आणि आगगाड्यांच्या फोटोंवर दोन तास वाद घालायची. गावाला याचं हसू यायचं. गाडी रोज दारावरून जाते, तिचा फोटो काय काढायचा? पण झेडपीच्या शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे शिक्षक दिनकरराव सोळंके गावाच्या हसण्याला भीक घालणारे नव्हते.

खोलीत आडवी सुतळी बांधलेली होती. फोटो तिला कपड्याच्या चिमट्यांनी टांगायचे. त्यावर नाव नाही, नुसता नंबर. ज्याचा फोटो असेल त्यानं चर्चा संपेपर्यंत गप्प बसायचं. सर एकेक फोटो घेऊन सोलून काढायचे. "नजरेला आत शिरायला वाट कुठंय?" "इंजिनाच्या डोक्यातून खांब उगवलाय, तेवढं दिसलं नाही का?" आणि सगळ्यात जास्त वेळा, "शेवटचा डबा कुठं गेला?"

एका गाडीचा एकच फोटो काढायचा आणि डोळ्याला दिसलं तेच कागदावर आणायचं, हे सरांचे नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ होती.

फोन वाजत राहिला, कुणी उचलला नाही. साडेदहाला तिघं दोन मोटारसायकलींवर नदीकडं निघाले. पुढं पंकज, मागं महारुद्र सानप आणि त्याच्या पाठीशी आप्पा. महारुद्र ऊस लावणारा शेतकरी, आप्पा रेल्वेचे निवृत्त गेटमन. आप्पांनी उभ्या जन्मात एक फोटो काढला नव्हता, पण ते एकही रविवार चुकवत नसत.

गोदावरीच्या रेल्वे पुलाजवळ नदीची दरड तीस फूट उंच आहे. तिथं सरांची जागा ठरलेली. डावीकडं गावाकडं जाणारी कच्ची गाडीवाट, पुढं पाणी, पाण्यावर पूल. जागेवर कॅमेऱ्याचा स्टँड उभा होता. स्टँडवर कॅमेरा होता. सर नव्हते.

सर खाली दगडांवर होते.

महारुद्र दरडीला वळसा घालून खाली धावला. आप्पा टॉवेलात तोंड खुपसून तिथंच बसले. पोलिसांना फोन पंकजनं केला.

*

फौजदार धम्मशीला खंदारे यांची ही वर्षातली अकरावी अकस्मात मृत्यूची नोंद होती. विहीर, वीज, साप, रूळ. दिवाळीत त्यांची आई गेली आणि तेव्हापासून आपल्याला काही वाटतच नाही, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. फार वेळ मांडी घालून बसल्यावर पाय बधिर होतो, तसं. पाय आपलाच असतो, पण चिमटा काढला तरी कळत नाही. त्या नेमानं कामावर येत, नेमानं पंचनामा लिहीत आणि घरी जाऊन दूरदर्शनसमोर बसत. समोर काय चाललंय ते त्यांना सांगता आलं नसतं.

दरडीवर उभ्या राहून त्यांनी अंतर मोजलं. स्टँडपासून कडा तीन पावलं.

"कॅमेरा कुणी हलवला?" त्यांनी विचारलं.

"मी काढून बॅगेत ठेवला, मॅडम," पंकज म्हणाला. "उन्हात तापत होता. सरांचा जीव होता त्याच्यात."

"तुम्ही खाली नाही उतरलात?"

"मला रक्त बघवत नाही."

कॅमेऱ्यात शेवटचा फोटो त्याच दिवशी सकाळी आठ वाजून बारा मिनिटांचा होता. परभणीकडून येणाऱ्या गाडीचं इंजिन पुलाच्या मधोमध आणि त्याचं प्रतिबिंब पाण्यात लख्ख. फोटोतलं काही न कळणाऱ्या धम्मशीलाबाईंनाही तो देखणा वाटला. त्याच्या आधीचा फोटो शनिवारी संध्याकाळी पाच चाळीसचा. तोच पूल, परभणीकडं जाणारी गाडी. त्यांनी दोन्ही पाहिले आणि कॅमेरा पिशवीत घालून सील केला.

डॉक्टर म्हणाले, मान मोडली, वेळ सात ते नऊच्या मधली. फोटो आठ बाराचा. म्हणजे आठ बारापर्यंत माणूस जिवंत. फोटो काढताना तोल गेला. कागद पुरा करायला एवढं पुरेसं होतं.

*

मंगळवारी सरांची मुलगी ठाण्यात आली. राजेश्री, नांदेडला असते, एकुलती एक. चेहरा कोरडा, डोळे कोरडे. खुर्चीवर बसली आणि पाण्याचा ग्लास हातात घेऊन तसाच धरून राहिली.

"अपघात लिहिलंय तुम्ही," ती म्हणाली.

"हो."

"मी जाऊन आले तिथं. स्टँडच्या खुणा अजून हायत मातीत. तिथून माणूस तोल जाऊन पडत नाही. तीन पावलं चालत जावं लागतं."

हे धम्मशीलाबाईंनाही रविवारीच दिसलं होतं. दिसूनही त्यांनी ते बाजूला ठेवलं होतं.

"त्यांनी उडी मारली का, एवढंच सांगा," राजेश्री म्हणाली.

"असं का वाटतं तुम्हाला?"

"शनिवारी मी इथं होते. म्हणलं, अण्णा, आई गेली, घर विका, आमच्याकडं चला. ते म्हणले, माझी गाडी इथून दिसते. माझं डोकं फिरलं. मी म्हणलं, बसा मग त्या पुलापाशी, मेलात तरी मला कळवू नका." तिनं ग्लास खाली ठेवला. "बस. मग मी पिशवी उचलून संध्याकाळच्या गाडीनं निघाले. स्टेशनावर सोडायला पण आले न्हाईत. त्याच्या आधीच कॅमेरा घेऊन बाहेर पडले होते. दुसऱ्या दिवशी फोन आला तो हाच."

"रडलात का?"

"येत नाही रडू. आत काहीच हलत नाही. उडी मारली असली तर ती माझ्यामुळं, हे मला माहीत पाहिजे. नसली तर तेही माहीत पाहिजे. असं मधल्यामधी नाही राहता येत."

धम्मशीलाबाईंना ते बरोब्बर कळलं. त्यांनी टेबलावरचा कागद उचलला, ज्यावर सहीच व्हायची राहिली होती, आणि खणात टाकला.

"चला, सरांचं घर दाखवा," त्या म्हणाल्या.

सरांच्या टेबलावर या वर्षीचं एक भिंतीवरचं कॅलेंडर होतं, जानेवारीच्या पानावर उघडून ठेवलेलं. पानावर पंकजचा गाजलेला फोटो होता. पुरानं फुगलेली गोदावरी, वरून जाणारी गाडी. या फोटोला राज्याच्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं होतं आणि येत्या शनिवारी मुंबईत सत्कार होता. स्टुडिओवर त्याचा दहा फुटी फलक लागलेला होता. सरांनी त्या पानावर शिसपेन्सिलीनं दोन बाण काढले होते. एक डब्यांवर, उजेड डावीकडून आल्याचा. दुसरा पुलाच्या खांबांवर, उजेड उजवीकडून आल्याचा. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'रविवारपर्यंत'.

शेजारी सरांच्या फोटोंच्या वह्या होत्या. प्रत्येक फोटो नंबरानुसार चिकटवलेला, खाली कॅमेऱ्यानं दिलेला आकडा. धम्मशीलाबाई पानं उलटत बसल्या. वर्षभराचे फोटो होते. मग त्यांनी पानं पुन्हा पहिल्यापासून उलटली, या वेळी सावकाश.

"शाळेत गणित चांगलं होतं का तुमचं?" राजेश्रीनं विचारलं. त्यांचं बोट आकड्यांवरून फिरत होतं म्हणून.

"बरं होतं. पण हे गणित बालवाडीचं आहे. एकामागं एक आकडा, मधला एकही गळलेला नाही."

*

बुधवारी त्यांनी महारुद्रला बोलावलं. तो बंडीच्या खिशात हात घालून उभा राहिला. बसा म्हटल्यावरही बसेना.

"सर गेले त्याच्या आधीच्या रविवारी तुमचं सरांशी भांडण झालं?"

"झालं की. दर रविवारी व्हायचं. त्यांनी माझ्या फोटोचं पार वाटोळं केलं. म्हणले, महारुद्र, तुझं इंजिन निघालंय पण गाडी घरीच राहिली. मी म्हणलो, सर, मी ऊस लावावा हेच बरं."

"आणि या रविवारी आठ बाराला कुठं होता?"

"रानात. एकटाच. ऊसतोडीच्या टोळीची वाट बघायलतो. आली न्हाई टोळी. साक्षीदार म्हणाल तर दोन बगळे हायत."

"सर काढलेले फोटो पुसायचे का?"

महारुद्रनं पहिल्यांदा मान वर केली. "सर? पुसणार? मॅडम, ते रोलच्या जमान्यातले. छत्तीस फोटोत महिना काढायचे. एक गाडी, एक फोटो. बिघडला तर बिघडलेलाच वहीत लावायचे आन् खाली लिवायचे, माझी चूक."

"आणि कॅमेरा हाती लागला तेव्हा पंकज किती वेळ त्याच्यापाशी होता?"

"मी खाली सरांपाशी होतो. वर यायला धा-बारा मिन्टं लागली असतील. आप्पा तोंडाला टॉवेल लावून बसलेते." तो थांबला. "कामून इचारता?"

"जा तुम्ही."

पंकज स्वतःच आला, इस्त्रीचा शर्ट घालून.

"आठ बाराला मी बसस्टँडसमोरच्या हॉटेलात होतो, मॅडम. आठ पाचपासून. दहा माणसं सांगतील. कॅमेरेही आहेत तिथं."

"मी अजून विचारलं नाही."

"सगळ्यांनाच विचारताय म्हणून."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण सरळ माणूसही ठाण्यात आला की घाईघाईनं बोलतो. धम्मशीलाबाईंनी त्याला पाणी दिलं.

"सरांच्या कॅमेऱ्यात शनिवारच्या फोटोचा आकडा चार हजार एकशे सव्वीस आहे. रविवारच्या फोटोचा चार हजार एकशे पंच्याण्णव. मधले अडुसष्ट कुठं गेले?"

"सरांनी पुसले असतील. चांगला एक ठेवला असेल. सगळेच करतात."

"तुम्ही करता?"

"मीही करतो. शंभर काढायचे, एक निवडायचा. निवडणं हीच खरी कला आहे."

"आणि त्या बक्षिसाच्या फोटोबद्दल सर काही बोलले होते?"

पंकज हसला. "सरांना कुठलाच फोटो आवडत नसे."

"सगळे म्हणतात, निवडायला तुमच्यासारखा डोळा जिल्ह्यात नाही," त्या म्हणाल्या. पंकजनं नम्रपणे मान खाली घातली.

गुरुपाद आप्पांकडं मात्र त्या स्वतः गेल्या. आप्पा ओसरीवर बसले होते, कपाळाला भस्म, मांडीवर पेपर, पेपर उलटा. धम्मशीलाबाईंनी आठ बाराच्या फोटोची प्रत त्यांच्या हातात दिली.

"आप्पा, हा सरांचा शेवटचा फोटो. कसा आहे?"

आप्पांनी तो लांब धरला, जवळ धरला. मग परत केला.

"चांगला हाय. पर सरांचा न्हाई."

"कशावरून?"

"बाई, मी तीस वर्सं फाटक सांभाळलं. गाडी आली म्हंजे इंजिन आलं न्हवं. शेवटच्या डब्यामागं पाटी असती. ती पाटी डोळ्यानं बगितल्याबिगर गाडी पुरी गेली असं धरायचं न्हाई. मधी कुठं डबे सुटून राहिले असले तर? पाटी दिसली की मग फाटक उघडायचं. सरांचे वडील गार्ड होते, सगळी नोकरी शेवटच्या डब्यात. सर म्हणायचे, आप्पा, लोक इंजिनाचे फोटो काढतेत, माझा बाप कुणाच्याच फोटोत न्हाई." त्यांनी फोटोच्या उजव्या कडेवर बोट ठेवलं. तिथं गाडी मधूनच कापली गेली होती. "मी धा वर्सं सरांचे फोटो बगायलोय. शेवटचा डबा पुलावर आल्याबिगर त्यांचं बोट दाबायचंच न्हाई. ह्यो फोटो इंजिनावर भाळलेल्या माणसाचा हाय."

"हे रविवारीच का नाही सांगितलं?"

"मला कुणी फोटो दावला न्हाई," आप्पा म्हणाले. "आन् इचारलं बी न्हाई."

धम्मशीलाबाईंना लाज वाटली. थोडीशीच, पण वाटली. दिवाळीनंतर काही वाटण्याची ती पहिली वेळ. त्याच दुपारी कॅमेऱ्यातलं कार्ड परभणीला सायबरवाल्यांकडं गेलं.

*

पुढच्या रविवारी दहाला त्या स्टुडिओच्या वरच्या खोलीत पोचल्या. सोबत राजेश्री, खाली जिन्यापाशी एक हवालदार. पंकज कालचा सत्कार घेऊन पहाटेच मुंबईहून आला होता. शाल अजून त्याच्या खुर्चीवरच होती. महारुद्र आणि आप्पा भिंतीला टेकून बसले होते. सरांची खुर्ची रिकामी होती. तिच्याकडं कुणी बघत नव्हतं.

धम्मशीलाबाईंनी सुतळीला चार फोटो टांगले. पुढची बाजू भिंतीकडं, मागं नंबर.

"तुमच्या पद्धतीनंच करू," त्या म्हणाल्या. "नाव विचारायचं नाही. चार फोटो, एकच ठेवायचा, तीन पुसायचे. कुठला ठेवाल?"

आणि त्यांनी एकेक करून फोटो फिरवले.

चारही एकाच जागेवरून, एकाच सकाळी. पहिल्यात इंजिन नुकतं पुलावर आलेलं. दुसऱ्यात इंजिन मधोमध, प्रतिबिंब पाण्यात. तिसऱ्यात इंजिन डाव्या टोकाला. चौथ्यात इंजिन झाडांत शिरलेलं, नुसते डबे पुलावर आणि उजव्या कडेला शेवटचा डबा, त्यामागं गार्डाचं एवढंसं डोकं.

"चौथा," आप्पा म्हणाले.

"सरांना इचारलं तर चौथा," महारुद्र म्हणाला. "मला इचारलं तर दुसरा लय भारी दिसायलाय. पर सर असते तर म्हणले असते, ह्यात गाडी कुठंय." तो उठून सुतळीपाशी गेला. "हे चार कुणी काढले? हा दुसरा तर सरांचा शेवटचा म्हणून परवा ठाण्यातूनच पेपरात गेलता."

पंकज काही बोलला नाही. नियमच तसा होता, ज्याचा फोटो त्यानं गप्प बसायचं.

"पंकजराव?" धम्मशीलाबाईंनी विचारलं. "तुमचं मत?"

"हे कुठून आले?"

"मत विचारलं मी."

"हे पुसले होते," पंकज म्हणाला, आणि मग आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं.

खोलीत पंखा फिरत होता. चारही फोटो एकदम हलले.

"हो, पुसले होते," धम्मशीलाबाई म्हणाल्या. "पण कार्डावरून पुसलेलं लगेच जात नाही, वरून दुसरं काही बसेपर्यंत तिथंच असतं. परभणीच्या पोरांनी शंभरच्या शंभर काढून दिले. सात पंचावन्नपासून आठ वीसपर्यंत, दर पंधरा सेकंदांना एक. माणूस असे फोटो काढत नाही. कॅमेराच काढतो, तसं लावून ठेवलं तर. सरांना ते लावता येतं का, मी विचारलं. महारुद्र म्हणाले, सरांना फोनवरचा गजर लावता येत नव्हता."

त्या पंकजकडं वळल्या. "मी सांगते तसं झालं का बघा. बक्षिसाच्या फोटोत नदी एका दिवसाची आणि गाडी दुसऱ्या दिवसाची. जोडकाम. डब्यांवर ऊन डावीकडून, खांबांवर उजवीकडून. एका फोटोत दोन सूर्य. सरांनी ते कॅलेंडरवर पकडलं आणि तुम्हाला सांगितलं, रविवारच्या बैठकीत स्वतः सांग, नाहीतर मी सांगतो. रविवारी सकाळी तुम्ही विनवायला दरडीवर गेलात. स्टँड लागलेला होता, सर गाडीची वाट बघत होते. बोलता बोलता तुम्ही दोघं कड्याकडं सरकलात. सर ऐकेनात. तुम्ही धक्का दिला."

"द्यायचा नव्हता," पंकज म्हणाला. तो शांतच होता. दुसऱ्या कुणाबद्दल सांगावं तसं बोलत होता. "मी हात जोडले होते. ते म्हणाले, पंकज, जे दिसलं नाही ते दाखवू नकोस. मी त्यांचा हात झटकला."

"असेल. ते कोर्ट बघेल. पण खाली उतरून तुम्ही बघितलं नाही. कॅमेऱ्यापाशी गेलात, तो आपोआप फोटो काढेल असा लावलात आणि मोटारसायकलवर बसून हॉटेलात आलात. आठ बाराला गाडी पुलावर आणि तुम्ही चहापाशी. कॅमेऱ्यात आठ बाराचा फोटो सापडला की सर तोवर जिवंत होते असं सगळे धरणार. आम्हीही धरलं. पावणेअकराला तुम्हीच सगळ्यात पुढं दरडीवर पोचलात. महारुद्र खाली होते, आप्पांच्या डोळ्यांवर टॉवेल होता. दहा मिनिटांत शंभरातले नव्व्याण्णव पुसले आणि एक ठेवला."

"कुठलाबी ठेवला असता तरी चाललं असतं," महारुद्र हळूच म्हणाला.

"चाललं असतं. चौथा ठेवला असता तर आप्पांनाही शंका आली नसती. दहा वर्षं दर रविवारी पंकजराव हे सरांकडून ऐकत होते, शेवटचा डबा, शेवटचा डबा. पण घाईत हात पाठ केलेलं विसरतो आणि डोळा आपल्या आवडीचंच उचलतो. सरांचा फोटो पुसला आणि स्वतःचा ठेवला."

"आणखी एक," असं म्हणून त्यांनी पाचवा फोटो सुतळीला लावला. गाडी नव्हती त्यात. रिकामा पूल, पाणी, आणि डाव्या कोपऱ्यात गाडीवाट. वाटेवर पाठमोरा मोटारसायकलवाला, हिरव्या जाकिटातला, गावाकडं निघालेला. वेळ सात पंचावन्न आणि तीस सेकंद. तेच जाकीट खोलीच्या दारामागं खिळ्याला अडकवलेलं होतं.

"सरांच्या फोटोत डाव्या कोपऱ्यात वाट असायचीच. नजरेला शिरायला," आप्पा पुटपुटले.

"हॉटेलच्या कॅमेऱ्यात हेच जाकीट आठ पाचला आहे," धम्मशीलाबाई म्हणाल्या. "उठा, पंकजराव."

पंकज उठला. जाता जाता तो सुतळीपाशी थांबला आणि दुसऱ्या फोटोकडं क्षणभर बघत राहिला. मग हवालदारासोबत जिना उतरला. शाल खुर्चीवरच राहिली.

*

राजेश्री जागची हलली नव्हती.

"म्हणजे उडी नव्हती," ती म्हणाली.

"नाही. दहाला बैठकीला यायचं होतं त्यांना. बोलायचं होतं."

तिनं मान हलवली. हायसं वाटायला हवं होतं, तेही तिला वाटत नव्हतं. आपण काहीतरी जड उचललेलं आणि ते खाली ठेवलं, तरी हाताला अजून वजन जाणवतंय, असं काहीसं तिनं सांगायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

"ह्यातला कुठलाच फोटो मग अण्णांचा नाही. सगळे मशीननं काढलेले."

"नाही." धम्मशीलाबाईंनी पिशवीतून एक पाकीट काढलं. "त्यांचा शेवटचा फोटो हा. चार हजार एकशे सव्वीस. शनिवारी संध्याकाळी पाच चाळीस. मी पहिल्याच दिवशी बघितला होता आणि तसाच ठेवून दिला होता. काल रात्री मोठा करून घेतला."

तोच पूल, पण गाडी परभणीकडं निघालेली. सगळे डबे पुलावर आणि शेवटी गार्डाचा डबा. त्याला लागून बायकांचा डबा. उतरतं ऊन सरळ खिडक्यांवर. एका खिडकीत जांभळी ओढणी, गजाला टेकलेलं डोकं, चेहरा आत वळलेला.

राजेश्रीनं बोटानं त्या खिडकीला हात लावला. मग गळ्यातली जांभळी ओढणी मुठीत धरली.

"स्टेशनावर आले न्हाईत म्हणलं मी."

"दरडीवर उभे होते. ही तुमचीच गाडी."

"किती काढले ह्या गाडीचे?"

"आधीचा आकडा शुक्रवारचा आहे. एकच."

आप्पा उठून आले. त्यांनी फोटो लांब धरला, जवळ धरला, शेवटच्या डब्यामागची पाटी शोधली. ती सापडल्यावर त्यांनी फोटो तिच्या हातात परत दिला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"त्या दरडीपासून गाडी किती हळू जाते, आप्पा," राजेश्री म्हणाली. "हाक मारली तर ऐकू येईल इतकी. मी रागात आत बघत बसले होते. एकदा जरी बाहेर बघितलं असतं तरी दिसले असते."

तेव्हा तिला रडू आलं. धम्मशीलाबाईंनी पुढं होऊन तिला धरलं, आणि आपलेही डोळे भरून आलेत हे त्यांना बऱ्याच वेळानं कळलं.